सरांचा खोटा नकाशा

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या गळ्यात बुटांची जोडी लटकत होती. मे महिना, भर दुपार, डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. पांढरा सदरा नीट खोचलेला एक चाळिशीपुढचा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नगरपालिकेच्या बागेसमोरून अनवाणी येत होता. बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून ते त्याने गळ्यात अडकवले होते. आमच्याकडे माणसाच्या गळ्यात पायताण कधी पडतं, हे सांगायला नको. मला वाटलं, याने काहीतरी भयंकर केलंय आणि लोकांनी धिंड काढलीय. मी नजर वळवली. पण मागे लोक नव्हते, हलगी नव्हती. कोपऱ्यावरचा पानवाला तर हात जोडून नमस्कार करत होता.

बागेच्या कुंपणावरून एका कडुलिंबाची फांदी रस्त्यावर आली होती. तिच्या सावलीच्या बऱ्याच अलीकडे, भर उन्हात, तो माणूस थांबला. खिशातून खडू काढून डांबरावर रेघ मारली आणि मला व माझ्या नवऱ्याला म्हणाला, "इथून."

"काय इथून?" नवऱ्याने विचारलं.

"इथून पाय भाजायचा कमी होतो. सावली तिकडं हाय, पण बाग इथूनच कामाला लागती. चप्पल काढून बघा की."

नवरा खरंच वाकायला लागला. मी त्याचा दंड धरून पुढे ओढलं. "येड लागलंय त्या माणसाला. चला, घरमालक वाट बघत असतील."

घरमालक तेच निघाले.

मी तेव्हा नुकतीच नगरपालिकेच्या बांधकाम विभागात आरेखक म्हणून लागले होते. गटारं, नाल्या, रस्त्याची रुंदी, शाळेच्या भिंती, हे कागदावर काढणं माझं काम. नवरा सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक. तो शनिवारी जीपने यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मला कचेरीजवळ खोली हवी होती. सर तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांचं घर बागेच्या मागच्या गल्लीत होतं. खोली हवेशीर, अंगणात नळ, गल्लीच्या तोंडाशी हापसा. मालक वेडा असला तरी खोली शहाणी होती. मी घेतली.

भाड्याचं बोलणं काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने केलं. सरांनी दोनच अटी घातल्या. खोलीच्या खिडकीत एक थर्मामीटर टांगलेला होता. दुपारी कोणी घरी असेल तर त्याचा आकडा बघून सांगायचा, आणि उन्हाळ्यात कूलर लावायचा नाही.

"कूलर न्हाई?" मी ओरडलेच. "सर, मे महिना आहे!"

"म्हणून तर. तुमी कूलर लावला की माझा आकडा बिघडला. मला बागेनं गार केलेली हवा पाहिजे, कूलरनं केलेली न्हाई."

"आणि मी उकडून मेले तर?"

"या खिडकीत कोन्ही मरत न्हाई. वारं बागेवरून येतं. बसस्टँडकडं खोली घेतली असती तर गोष्ट वेगळी होती."

काकू आतून म्हणाल्या, "लगीन झालं तवा वाटलं मास्तर हाय. हे तर बागेचं तलाठी निघालं. बाई, तू लाव कूलर, मी बघते."

मी लावला नाही. धाकामुळे नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या खोलीत खरंच निभतं. कचेरीत पंख्याखाली घाम यायचा आणि इथे खिडकीशी झोप लागायची. पण हे मी सरांना कबूल केलं नाही. अशा माणसांना बरोबर म्हटलं की ती डोक्यावर बसतात.

बागेला ते नेहमी कामावरच्या माणसासारखं बोलायचे. "आज बाग सुट्टीवर दिसतीय," म्हणजे वारा पडलाय. "बागेनं ओव्हरटाइम केला," म्हणजे संध्याकाळनंतरही गल्ली गार राहिली. आणि दिसेल त्याला एकच प्रश्न: "बागेनं तुमाला आज काय दिलं?" हा प्रश्न ते वकिलाला विचारायचे, हळदीच्या आडत्याला विचारायचे, तांड्यावरून बाजाराला आलेल्या बायांना विचारायचे. अनोळखी माणूस गडबडून खिसे चाचपायचा, आपल्याकडून काही वर्गणी राहिली की काय म्हणून.

पण उत्तरं यायची. कोणी दातवण सांगायचं, कोणी शेळीला पाला. दवाखान्यात पेशंट असलेल्यांनी भाकरी सोडायला जागा सांगितली. तांड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "झोळी बांधाया चिंच हाय. लेकरू झोपतं, मी बाजार करते. चिंच नसती तर लेकरू काय तुझ्या कॉलेजात ठेवू?" सर इतके खूश झाले की त्यांनी तिला चहा पाजला. चिंचेची ती फांदी त्यांनी कागदावर नोंदली, आणि फांदीला झोळीचं वजन पेलतं का, हे बघायला स्वतः तिला लोंबकळून पाहिलं. कॉलेजचा प्राध्यापक, पायात बूट, फांदीला लोंबकळतोय आणि खालून म्हातारी म्हणतेय, "उतर रे बाबा, मोडशील." मी कचेरीतून जेवायला घरी चालले होते. मान खाली घालून निघून गेले. ओळख दाखवली असती तर मलाही लोंबकळायला लावलं असतं.

बागेचं थोडं सांगायला हवं. पुढचा भाग म्हणजे नगरपालिकेचा अभिमान. हिरवळ, बंद पडलेलं कारंजं, फरशीच्या वाटा आणि एक सिमेंटचा जिराफ, ज्याचा एक कान मोडला होता. हिरवळीवर बसायला मनाई. जिराफाच्या मागे गेलं की बाग संपली असं वाटायचं. तिथे वाटा नव्हत्या, बाक एकच. कडुलिंब, चिंच, करंज आणि त्यांच्या खाली वर्षानुवर्षांचा पाला. बाजाररस्त्याचं पावसाचं पाणी उताराने तिथे यायचं आणि बघता बघता नाहीसं व्हायचं. ही मागची बाजू सरांचं खरं दैवत. पुढच्या हिरवळीला ते "नवरी" म्हणायचे. नटून बसलेली, काही न करणारी.

त्यांनी बूड कापलेला एक डालड्याचा डबा केला होता. तो ते जमिनीत रोवायचे, वरून पाणी ओतायचे आणि बाजूला उकिडवे बसायचे. हिरवळीवर डबा भरून ठेवला तर सर एक अख्खं पान चघळून संपवायचे तरी पाणी तसंच. मागच्या बाजूला पानाला चुना लावेपर्यंत डबा कोरडा. पहिल्यांदा त्यांनी मला हे दाखवलं तेव्हा मी डबा उचलून खाली जमिनीत भोक आहे का ते बघितलं.

"भोक न्हाई बाई. माती मोकळी हाय."

मग त्यांनी मला आमच्या गल्लीतल्या हापशाकडे नेलं. त्या उन्हाळ्यात गावातले कितीतरी हापसे नुसते खडखडत होते. आमचा चालू होता. बाया दुसऱ्या आळीतून घागरी घेऊन यायच्या आणि आमच्या गल्लीतल्या बायांशी भांडायच्या. "हे पाणी तुमाला कोन देतं?" सरांनी त्यांना विचारलं. एक जण म्हणाली, "नगरपालिका." सर कपाळावर हात मारून घरी आले आणि जेवले नाहीत.

सरांचा जीव कशात अडकला होता, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. त्या मागच्या तुकड्यावर फरशी पडली किंवा भिंती उभ्या राहिल्या, तर आमच्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांचं पाणी जाणार होतं. आणि तो तुकडा काही कामाचा आहे हे गावात एका माणसाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. लोकांच्या लेखी तो बागेमागचा कचरा होता.

काकूंनी साधा उपाय सांगितला होता. "एक गोटा आणा, शेंदूर फासा, ठिवा चिंचंखाली. सात पिढ्या कोन्ही हात लावायचं न्हाई."

"खोटं करायचं न्हाई," सर म्हणाले.

"खोटं काय त्यात? गोटा खराच असतो."

"आज गोट्याबद्दल खोटं बोललो, तर उद्या माझा नकाशा कोन खरा धरंल?"

मला काकूंचं पटलं होतं. मी तसं बोललेही. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पेपर फोडायला सांगितलंय. ज्या माणसाने शेंदराचा एक गोटा खोटा म्हणून नाकारला, तो पुढे काय करून बसला, हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. मला ते अजून पचलेलं नाही.

नकाशा आम्ही दोघांनी मिळून काढला. म्हणजे फिरणं, मोजणं, विचारणं त्यांचं, आणि कागदावर उतरवणं माझं. कचेरी सुटल्यावर त्यांच्या ओसरीत मोठा कागद पसरून मी बसायची. बाग काय काय काम करते आणि कुठे करते, ते सगळं त्यात यायचं होतं. सावली कुठपर्यंत पडते, गारवा कोणत्या गल्लीपर्यंत पोचतो, पाणी कुठे मुरतं, मधाची पोळी, पाखरांची झाडं, पोरांची खेळायची जागा, झोळ्यांच्या फांद्या. मी आजवर काढलेल्या नकाशांत भिंती आणि नाल्या असत. गारव्याला रेघ कशी मारतात ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही ती तुटक रेघेने मारली.

एके दिवशी त्यांनी मागच्या बाजूच्या एकुलत्या बाकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं थेंब काढा."

"पाण्याचा नळ आहे का तिथे?"

"न्हाई. इथं बाया रडायला येतात."

माझ्या हातातला पेन थांबला. "काय?"

"सासुरवाशिणी. घरात रडता येत न्हाई. दवाखान्यातल्या बायाबी. मी बघितलंय. बागेचं केवढं मोठं काम हाय ते."

"सर, हे नकाशात दाखवायचं?"

"गटार दाखवता तर चालतं, हे काहून न्हाई?"

मी पेन पुन्हा कागदावर टेकवला. थेंब काढला. पण सरांनी मोठ्या उत्साहाने तो कच्चा नकाशा कॉलेजच्या पोरांना दाखवला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून पोरं त्या बाकासमोर घोळका करून उभी राहू लागली, कोण रडतंय ते बघायला. बाया यायच्या बंद झाल्या. सर एका संध्याकाळी घरी आले, ब्लेड मागून घेतलं आणि तो थेंब स्वतःच्या हाताने खरवडून काढला. कागद तिथे पातळ झाला. "कागदावर आलं की लोकं बघायला येतात," एवढंच म्हणाले. यातून माणसाने शहाणं व्हायला हवं होतं. सर बाकीचा नकाशा तितक्याच जोमाने पुरा करायला बसले.

शेवटी खुणांचा तक्ता आला. रंगांसमोर शब्द लिहायचे. पुढच्या हिरवळीच्या रंगासमोर त्यांनी "शोभा" लिहायला सांगितलं. जिराफाच्या भागाला "पोरं". आणि मागच्या तुकड्याचा गडद हिरवा रंग, ज्यासाठी त्यांनी तीन बाटल्या शाई बदलायला लावल्या, त्याच्यासमोर: "मोकळी जागा".

मी लिहिलं. त्यांच्या तोंडी तो शब्द रोजचा होता. सर शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. त्यांच्या वडिलांच्या भाषेत मोकळी माती म्हणजे सगळ्यांत चांगली माती. वखरलेली, भुसभुशीत, हवा खेळणारी, पाणी पिणारी. घट्ट माती वाईट, मोकळी माती सोनं. सरांना याहून मोठा शब्द माहीत नव्हता.

पंधरा ऑगस्टला त्यांनी तो नकाशा नगरपालिकेला भेट दिला. झेंडावंदनानंतर तो सभागृहाच्या भिंतीवर लागला. काचेच्या चौकटीत, घड्याळाशेजारी. सर महिनाभर काहीतरी कारण काढून कचेरीत यायचे आणि तो सरळ लागलाय का बघून जायचे.

मग हिंगोली जिल्हा झाला. आधी आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. जिल्हा झाला म्हटल्यावर सगळ्या तालुक्यांच्या गावांत जागांना भाव आला. ज्याला त्याला दुकानाचा गाळा पाहिजे. एका सकाळी सरांना निरोप आला की सर्वसाधारण सभेत तुमचा सत्कार आहे. काकूंनी इस्त्रीचा सदरा काढला आणि परत येईपर्यंत पोहे तयार ठेवते म्हणाल्या. मी विभागातर्फे सभेला होतेच. कशाबद्दल सत्कार हे आमच्या विभागालाही कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, उशिरा का होईना अक्कल आली.

नगराध्यक्षांनी सरांना शाल घातली, नारळ दिला आणि बोलायला उभे राहिले. माणूस गोड बोलणारा, दुष्ट मुळीच नाही. "गावाला व्यापारी संकुल पाहिजे," ते म्हणाले, "पन जागाच सापडत नव्हती. बाग हलवता येत न्हाई, कायदा हाय. आन् बघा मंडळी, आपल्याच भिंतीवर उत्तर लटकलेलं! आपल्या सरांनी इतकी मेहनत घेऊन बागेचा नकाशा केला. शोभेची जागा कोनती, पोरांची कोनती, सगळं लिहिलं. आन् मागं एवढी मोठी मोकळी जागा शोधून दिली. प्राध्यापकाचा नकाशा हाय, वरच्या हापिसात कोन्ही न्हाई म्हननार न्हाई. आज आपन गाळ्यांचा ठराव घेऊन राहिलो, त्याचं श्रेय सरांचं!"

टाळ्या वाजल्या. मी वळून भिंतीकडे बघितलं. माझ्याच अक्षरात, ठळक: मोकळी जागा.

सर उठले. नारळ हातातच होता. "अध्यक्षसाहेब, मोकळी म्हंजे रिकामी न्हाई."

"मोकळी म्हंजे मोकळीच की सर."

"मोकळी म्हंजे माती मोकळी. पानी पिणारी. तुमच्या-आमच्या गल्ल्यांतले हापसे तिच्यावर चालून राहिले."

"पिऊ द्या की पानी. आपन वरून बांधू, ती खालून पील." सभागृह हसलं.

"सावली हाय तिथं, लोकं बसतात..."

"गाळ्यात बसतील सर. पंखा लावून." पुन्हा हशा. एक नगरसेवक म्हणाला, "सर, तुमालाबी एक गाळा ठिवू, काळजी करू नका."

सर भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. मला वाटलं, आता रडतील किंवा नारळ फेकतील. दोन्हींची माझी तयारी होती. जे झालं त्याची नव्हती.

"नकाशा खोटा आहे," सर म्हणाले. शुद्ध, वर्गात बोलावं तसं.

"काय?"

"खोटा आहे. मी मोजमाप केलेलं नाही. घरी बसून अंदाजाने काढला. झाडं खोटी, हद्द खोटी, शब्द खोटे. या कागदावर काही बांधू नका, फसाल."

हसू थांबलं. नगराध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. "सर, तुमी तर इतकी वर्षं उन्हात..."

"नाटक करत होतो. नाव व्हावं म्हणून."

मुख्याधिकारी घाबरला. ज्या कागदाच्या आधारावर ठराव वर जाणार, तो करणाराच भर सभेत खोटा म्हणतोय, आणि ते इतिवृत्तात लिहिलं जातंय. त्याने नगराध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं. विषय तहकूब झाला. फेरमोजणी होईपर्यंत. सरांनी शाल काढली, नीट घडी करून टेबलावर ठेवली, वर नारळ ठेवला आणि ते निघून गेले. दारातून जाताना कोणीतरी म्हणालं, "मास्तर लबाड निघाला की रे." त्यांनी ऐकलं. मी बघितलं, त्यांनी ऐकलं.

मी कचेरी सुटायची वाट न बघता घरी गेले. सर पोहे खात होते. मी ओसरीवर उभी राहून ओरडले, काकूंसमोर, पाहिलं नाही की आपण भाडेकरू आहोत. "खोटा? मी स्वतः काढलाय तो! तुमचे पाय भाजलेले मी पाहिलेत. शेंदराचा गोटा चालत नव्हता तुम्हाला, आणि हे चाललं?"

"गोटा गावाशी खोटं बोलला असता," सर म्हणाले. "हे खोटं मी माझ्या अंगावर घेतलं. बसा बाई, पोहे घ्या."

काकूंना तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी सरांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

फेरमोजणी झाली नाही. अशा मोजण्या होत नसतात. पुढे गाळे बसस्टँडजवळ झाले. तुकडा वाचला. पण त्याची किंमत सर कशी देत होते ते मी रोज बघत होते. कॉलेजची पोरं त्यांच्या मागून "खोटा नकाशा" म्हणून ओरडायची. पानवाल्याचा नमस्कार बंद झाला. सवयीने एकदा त्यांच्या तोंडून कोणालातरी "बागेनं काय दिलं?" निघून गेलं, तर तो म्हणाला, "थाप दिली सर." सरांनी बागेत जाणंच सोडलं. खोटं बोललेला माणूस पुन्हा तिथे मोजत फिरला तर लोक विचारणार, म्हणून ते कॉलेजला लांबच्या रस्त्याने, उन्हातून, बूट घालून जायचे. आणि पुढच्या मे महिन्यात त्यांनी माझ्या खिडकीतला थर्मामीटर काढून नेला. "बाई, कूलर लावा आता." सभेपेक्षा मला या वाक्याचा जास्त धक्का बसला. मी कूलर घेतला. वापरायची गरज पडत नव्हती, तरी घेतला, कारण न घेतला असता तर त्यांना कळलं असतं की त्यांनी काय सोडलंय ते मला कळलंय.

काही वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, विद्यापीठातली एक संशोधक मुलगी आली. छोट्या गावांतल्या बागा लोकांना काय काय देतात, त्याचं मोजमाप आणि नकाशे करत होती. याला "परिसंस्था सेवा" म्हणतात, असं तिने सांगितलं. हातात यंत्र होतं, ते आकाशातून जागा ओळखायचं. सावली, गारवा, पाणी, पाखरं, लोकांच्या बसायच्या जागा. तिची यादी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी तिला थेट सरांच्या ओसरीवर नेलं. म्हटलं, आता तरी या माणसाला कोणीतरी खरं म्हणेल.

"सर, तुम्ही पूर्वी असं काम केलं होतं असं ऐकलं," मुलगी म्हणाली.

"केलं होतं. खोटं होतं."

"पण मॅडम म्हणतात..."

"मॅडम भाडेकरू हायत. चांगलंच बोलणार. मला बागेतलं काही कळत न्हाई पोरी. तू तुझं कर."

ती गेल्यावर मी भडकले. "आता काहून? आता तर जागा वाचली!"

"तहकूब म्हंजे मेलेला विषय न्हाई बाई, झोपलेला हाय. माझा नकाशा खरा ठरला की तो जागा होतो. तवाच्या ठरावाला कागद मिळतो. तुमी नगरपालिकेत काम करता, तुमाला मी सांगू?"

मी हिशेबी बाई. दोन दिवस विचार केला आणि लक्षात आलं, त्यांचं बरोबर होतं. त्या जागेचं रक्षण एकाच गोष्टीवर उभं होतं: सर लबाड आहेत यावर. मुलीने तिचं काम नव्याने, पहिल्यापासून केलं. मागच्या तुकड्यासमोर तिने लिहिलं, "भूजल पुनर्भरण क्षेत्र". मी ते सरांना वाचून दाखवलं. ते कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसले. "हे बेस केलं. कोन्हाला समजलं न्हाई तर कोन्ही हात लावत न्हाई."

सर वारले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. माजी नगराध्यक्ष आले होते, थकलेले, काठी टेकत. मनापासून बोलले. "सर देवमाणूस. माझ्या मनात एकच काटा हाय. मला आजबी वाटतं, तो नकाशा खरा होता. सर तवा रागानं बोलले. खरा असंल तर सरांच्या माथ्यावरचा तेवढा डाग आज पुसून टाकू या. बाईंनी काढला होता तो. त्यांनाच विचारा."

सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माझ्या शेजारी नवे मुख्याधिकारी होते, आणि त्यांच्या टेबलावर गाळ्यांच्या मागणीचे नवे अर्ज आलेले मी त्याच सकाळी पाहिले होते. सरांना खरं ठरवायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. ते ऐकायला सभा आसुसलेली होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर फार चांगले होते. नकाशा खोटा होता. मी त्यांच्या ओसरीत बसून, ते सांगतील तसा, अंदाजाने काढला."

कोणीतरी चुकचुकलं. माजी नगराध्यक्ष खाली मान घालून बसले. काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला न लावता, कोरड्या डोळ्यांनी, एकदाच मान हलवली. मी खाली बसले. भर सभेत, मेलेल्या माणसाला मी लबाड म्हटलं होतं आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता. तो कापला नाही, याचा धक्का मला अजून आहे.